निव्वळ वजन उणे: जुन्या डॉस प्रोग्रॅममधल्या एक्स८७ इन्स्ट्रक्शन वाचताना होणारे घोळ

जेटीवरची काट्याची खोली, बर्फाचा कारखाना, काजूचं गोदाम. कोकणपट्टीत अशा ठिकाणी ३८६ किंवा ४८६ वर चालणारा डॉस प्रोग्रॅम अजूनही कुठे कुठे टिकून आहे. लिहिणारा कधीच मुंबईला गेलेला असतो, सोर्स सापडत नाही, हातात फक्त ईएक्सई फाइल. हिशेब चुकायला लागला की ती फाइल डिसअसेंबलरमध्ये (बाइटांवरून इन्स्ट्रक्शनची नावं छापणारा प्रोग्रॅम) उघडण्यावाचून गत्यंतर नसतं, आणि तिथे पूर्णांकांचा कोड वाचता येणारा माणूसही फ्लोटिंग पॉईंटच्या भागात, म्हणजे दशांशाचं गणित करणाऱ्या एक्स८७ को-प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनमध्ये, अडखळतो. हे अडखळणं दर वेळी त्याच पाचसहा जागी होतं.

लिहिण्याबाबत एक खुलासा: हेक्स आकडे इथे देवनागरीत आहेत, म्हणजे दहा ते पंधरासाठी ए, बी, सी, डी, ई, एफ. ‘डीई ई९’ म्हणजे दोन बाइट. कमांड मात्र यंत्रावर इंग्रजीतच टंकायच्या.

लक्षणं

- निव्वळ वजनाचा आकडा बरोबर, चिन्ह उलटं: २५.५ च्या जागी −२५.५. भागाकारात हाच दोष असला तर ४० च्या जागी ०.०२५.
- ३१.७५ किलोच्या जागी १२२८८.००२ असला काहीच्या बाही आकडा.
- पहिल्या आठ नोंदी ठीक, नवव्या नोंदीपासून सगळं ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’).
- जड क्रेट ठेवला की −३२७६८. कधी −२१४७४८३६४८.
- अर्धा किलो कधी वर ढकलला जातो, कधी खाली.
- डिसअसेंबलरमध्ये फ्लोटिंग पॉईंटची एकही इन्स्ट्रक्शन नाही. फक्त इंटरप्ट ३४ ते ३बी, आणि त्यांच्या मधे अर्थ न लागणारी भरताड.
- प्रोग्रॅम सुरू होतो, मेनू दिसतो, पहिल्याच गुणाकाराला गोठतो.

१. आधी को-प्रोसेसर बाजूला काढा (दोन मिनिटं, खर्च शून्य)

मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने एम्युलेटर (को-प्रोसेसरचं काम सॉफ्टवेअरने करणाऱ्या) लायब्ररीसह बांधलेला प्रोग्रॅम सुरू होताना ‘एनओ८७’ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघतो. ते असलं, त्याची किंमत काहीही असो, की को-प्रोसेसरला हात न लावता सगळं गणित सॉफ्टवेअरने होतं. बोरलँडच्या प्रोग्रॅमसाठी व्हेरिएबलचं नाव नुसतं ‘८७’, किंमत ‘एन’. म्हणजे प्रॉम्प्टवर ‘सेट एनओ८७=१’ किंवा ‘सेट ८७=एन’, आणि मग प्रोग्रॅम चालवायचा. कुठला कंपायलर होता हे ठाऊक नसेल तर दोन्ही द्या, बिघडत काही नाही.

ही तपासणी पहिली का? कारण ती अख्ख्या शोधाचे दोन भाग करते. असं केल्यावर उत्तर बरोबर आलं तर कोड वाचत बसू नका, थेट तपासणी २ आणि १० वर जा: दोष चिप, सॉकेट किंवा बायोसमध्ये आहे. उत्तर तेवढंच चुकीचं आलं तर दोष कोडमध्ये किंवा डेटात आहे. फक्त को-प्रोसेसरसाठीच बांधलेल्या प्रोग्रॅमवर या व्हेरिएबलने गणित सॉफ्टवेअरकडे वळत नाही, कारण त्यात एम्युलेटरच नसतो.

२. बायोसची सेटिंग

यंत्र पावसाळाभर बंद राहिलं की मदरबोर्डवरची बॅटरी बसते आणि बायोस मूळ सेटिंगवर परत जातो. काही जुन्या बायोसमध्ये ‘न्यूमरिक प्रोसेसर’ नावाची ओळ असते. ती बंद झाली असेल तर चिप जागेवर असूनही यंत्र ती नाही असं समजतं. चालू करून पाहा, बॅटरीही बदला. बॅटरी बोर्डावर डाखलेली असेल आणि तिच्याभोवती हिरवट-पांढरी पूड दिसत असेल, तर ती आजच काढून घ्या. त्यातलं गळणारं द्रव्य शेजारचे ट्रॅक खातं.

३. फाइल मूळची आहे का

दमट हवेत फ्लॉपीवर बुरशी धरते, आणि फ्लॉपीवरून पुन्हा पुन्हा कॉपी केलेल्या ईएक्सईत एखादा बाइट बदललेला असू शकतो. दोन वेगळ्या प्रती मिळवा आणि डॉसच्या ‘एफसी’ कमांडने ‘/बी’ लावून ताडा. फरक निघाले तर कुठल्या पत्त्यावर, ते लिहून ठेवा.

याच वेळी फाइल दाबून भरलेली (पॅक केलेली) आहे का तेही बघा. सुरुवातीपासून १सी या ऑफसेटवर ‘एलझेड९१’ किंवा ‘एलझेड०९’ ही अक्षरं असतील तर ती एलझेडईएक्सईने पॅक केलेली आहे. त्याच्या आसपास ‘पीकेलाइट’ असा मजकूर असेल तर पीकेलाइटने. पॅक केलेल्या फाइलमध्ये पुढच्या तपासण्यांतले बाइट शोधूनही सापडणार नाहीत. आधी ती उघडून घ्या.

४. डिसअसेंबलर १६ बिटवर लावलाय की ३२ वर?

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, आणि दुरुस्ती म्हणजे फक्त एक पर्याय बदलणं. हे चार बाइट पाहा:

डी९ ०६ २० ०१

१६-बिट कोड म्हणून वाचले तर ही एकच इन्स्ट्रक्शन आहे: ०१२० या पत्त्यावरचा ३२-बिटांचा फ्लोट (दशांश आकडा) एक्स८७ च्या स्टॅकवर, म्हणजे त्याच्या रजिस्टरांच्या थप्पीवर, घ्या. ३२-बिट म्हणून वाचले तर ‘डी९ ०६’ इथेच संपतं (ईएसआय रजिस्टर दाखवतो तिथला फ्लोट घ्या), आणि उरलेले ‘२० ०१’ हे ‘अँड’ म्हणून छापले जातात. डॉसचा साधा प्रोग्रॅम १६-बिट असतो. आजचे डिसअसेंबलर काही सांगितलं नाही तर ३२ किंवा ६४ धरून चालतात.

दुसरी बाजू म्हणजे सुरुवातच एक बाइट पुढे होणं. वरच्या ओळीत ०६ पासून वाचलं तर ‘पुश ईएस’, मग ‘अँड’, आणि पुढची इन्स्ट्रक्शन पुन्हा व्यवस्थित. दोन ओळींत गाडी रुळावर येते म्हणून चूक नजरेत भरत नाही, पण एक ‘एफएलडी’ (आकडा स्टॅकवर घेणारी इन्स्ट्रक्शन) गायब झालेली असते आणि पुढचा सगळा स्टॅकचा हिशेब एकाने चुकतो. हिशेबाच्या कोडमध्ये मधेच ‘पुश ईएस’ दिसलं आणि त्याचा ‘पॉप’ कुठेच नसेल, तर आधी हा संशय घ्या.

५. ‘सीडी ३४’ ते ‘सीडी ३बी’

को-प्रोसेसर असेल-नसेल अशा काळातला कंपायलर खऱ्या इन्स्ट्रक्शनच्या जागी सॉफ्टवेअर इंटरप्ट ठेवायचा. एक्स८७ चे पहिले बाइट आठच: डी८ ते डीएफ. त्यांच्या जागी इंटरप्ट ३४ ते ३बी, त्याच क्रमाने. रूपांतर सोपं आहे: इंटरप्टच्या क्रमांकात ए४ मिळवा. ३५ + ए४ = डी९. ३ए + ए४ = डीई. पुढचे बाइट जसेच्या तसे.

भरलेल्या क्रेटच्या वजनातून धडा (रिकाम्या क्रेटचं वजन) वजा करून निव्वळ वजन ठेवणारा तुकडा फाइलमध्ये असा दिसेल:

सीडी ३५ ०६ २० ०१
सीडी ३५ ०६ २४ ०१
सीडी ३ए ई९
सीडी ३५ १ई २८ ०१
सीडी ३डी

आणि त्याचा खरा अर्थ:

९बी डी९ ०६ २० ०१ – भरलं वजन स्टॅकवर
९बी डी९ ०६ २४ ०१ – धडा स्टॅकवर
९बी डीई ई९ – वजाबाकी करून एक पॉप (स्टॅकवरचा वरचा आकडा काढणं)
९बी डी९ १ई २८ ०१ – उत्तर ०१२८ वर ठेवून पॉप
९० ९बी – थांबून घ्या

९बी म्हणजे ‘एफवेट’. ८०८७ मुख्य प्रोसेसरच्या शेजारी स्वतंत्रपणे काम करायचा, म्हणून प्रत्येक वेळी त्याच्यासाठी थांबावं लागे. ८०२८६ पासून पुढची एक्स८७ इन्स्ट्रक्शन देण्याआधी प्रोसेसर स्वतःच थांबतो. कंपायलरने मात्र हा बाइट सोडला नाही, कारण दोन बाइटांच्या ‘सीडी ३५’ च्या जागी दोनच बाइट बसायला हवे होते. ‘सीडी ३डी’ हा एकट्या ‘एफवेट’चा इंटरप्ट. तिथे एक बाइट उरतो, तो ९० ने भरतात.

साधा डिसअसेंबलर ‘सीडी ३५’ला संपूर्ण इन्स्ट्रक्शन मानतो आणि उरलेले ‘०६ २० ०१’ वेगळे वाचतो. लक्षणांतली भरताड ती हीच.

यातली खाचखळग्यांची ठिकाणं तीन. ‘सीडी ३सी’ हा सेगमेंट बदलून वाचण्यासाठी असतो. त्यापुढच्या बाइटमध्ये सेगमेंट आणि मूळ बाइट दोन्ही एकत्र बांधलेले असतात, त्यामुळे ए४ चं गणित तिथे लावू नका. ‘सीडी ३ई’ हा बोरलँडचा आडवाटेचा इंटरप्ट. त्यापुढे एक उपक्रमांक आणि मग ९० येतं. ते दोन्ही इन्स्ट्रक्शन म्हणून वाचायचे नाहीत.

तिसरा खळगा नीट समजून घेण्यासारखा आहे. को-प्रोसेसर असलेल्या यंत्रावर प्रोग्रॅम चालताना हे इंटरप्ट पहिल्यांदा लागले की तिथल्या तिथे मेमरीत खऱ्या इन्स्ट्रक्शनने बदलले जातात. म्हणून डिस्कवरची फाइल आणि चालू प्रोग्रॅमचा मेमरी डम्प जुळत नाहीत. हा व्हायरस नव्हे आणि फाइल खराब झाल्याची खूणही नव्हे. उलट याचा फायदाच घ्या. डम्पमध्ये जिथे ९बी दिसतं तो कोड चाललेला आहे, जिथे अजून सीडी आहे तिथे नियंत्रण पोचलेलंच नाही. एक चुकीची नोंद करा, डम्प घ्या. शोधायची जागा बरीच आकसते.

६. बाइट हाताने सोडवा

डिसअसेंबलरने छापलेलं नाव आणि बाइट यांच्यात वाद झाला तर बाइट खरे. त्यासाठी ते कागदावर सोडवता आले पाहिजेत.

दुसऱ्या बाइटचे (मॉडआरएम) तीन तुकडे करा: वरचे २ बिट मॉड, मधले ३ रेग, खालचे ३ आरएम. हा बाइट बीएफ किंवा त्याहून लहान असेल तर ऑपरंड (ज्यावर क्रिया करायची तो आकडा) मेमरीत आहे. सी० किंवा त्याहून मोठा असेल तर दोन्ही ऑपरंड स्टॅकच्या रजिस्टरमध्ये.

मेमरीचा ऑपरंड असेल तेव्हा डी८, डीए, डीसी आणि डीई हे चौघे अंकगणित करतात. क्रिया मधल्या तीन बिटांवरून: ० बेरीज, १ गुणाकार, २ तुलना, ३ तुलना करून पॉप, ४ वजाबाकी, ५ उलटी वजाबाकी, ६ भागाकार, ७ उलटा भागाकार. ऑपरंडचा प्रकार पहिल्या बाइटवरून: डी८ म्हणजे ३२-बिट फ्लोट, डीए ३२-बिट पूर्णांक, डीसी ६४-बिट फ्लोट, डीई १६-बिट पूर्णांक.

डी९, डीबी, डीडी आणि डीएफ हे घेणं-ठेवणं करतात. डी९ ३२-बिट फ्लोट, डीडी ६४-बिट फ्लोट, डीबी ३२-बिट पूर्णांक, डीएफ १६-बिट पूर्णांक. रेग ० म्हणजे घ्या, २ म्हणजे ठेवा, ३ म्हणजे ठेवून पॉप करा. अपवाद: ८०-बिटांचा फ्लोट ‘डीबी’च्या रेग ५ आणि ७ वर, ६४-बिट पूर्णांक ‘डीएफ’च्या रेग ५ आणि ७ वर.

आता ‘१ई’ सोडवू. ००-०११-११०. मॉड ००, रेग ३, आरएम ६. १६-बिटमध्ये मॉड ०० आणि आरएम ६ हा खास जोड: पुढे दोन बाइटांचा थेट पत्ता. म्हणून ‘डी९ १ई २८ ०१’ म्हणजे ०१२८ वर ३२-बिट फ्लोट ठेवा आणि पॉप करा. दुसरं उदाहरण ‘डीडी ४६ एफ८’: ०१-०००-११०. मॉड ०१ आला की पुढे एकच बाइट, चिन्हासह. बीपी वजा ८ वरचा ६४-बिट फ्लोट घ्या.

१२२८८.००२ कुठून येतं ते इथे उलगडतं. ०१२० वर ३१.७५ आणि ०१२४ वर ६.२५ असे दोन ३२-बिट फ्लोट शेजारी शेजारी आहेत: ०० ०० एफई ४१ आणि ०० ०० सी८ ४०. कुणीतरी डी९ च्या जागी डीडी केलं की आठही बाइट मिळून एकच ६४-बिट आकडा बनतो. त्याची मोठी बाजू धड्याकडून येते आणि उत्तर १२२८८.००२. असा अवाढव्य आकडा दिसला की शेजारचा व्हेरिएबल बदलून बघा. आकडा मुख्यतः शेजाऱ्याबरोबर बदलत असेल तर आकारमानाची चूक पक्की. उलट चूक, म्हणजे ६४-बिटांचा आकडा डी९ ने वाचणं, बरेचदा शून्य देते, कारण साध्या आकड्यांचे खालचे चार बाइट शून्यच असतात.

७. उलटी वजाबाकी

उणे निव्वळ वजनाचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, आणि यात दोष काही वेळा प्रोग्रॅमचा नसतोच, वाचणाऱ्याचा असतो. आधी तक्ता (एसटी० म्हणजे स्टॅकवरचा सगळ्यात वरचा आकडा, एसटी१ त्याच्या खालचा, एसटीआय वरून आय जागा खालचा):

डी८ ई०+आय: एसटी० = एसटी० − एसटीआय
डी८ ई८+आय: एसटी० = एसटीआय − एसटी०
डीसी ई०+आय: एसटीआय = एसटी० − एसटीआय
डीसी ई८+आय: एसटीआय = एसटीआय − एसटी०
डीई ई०+आय: एसटीआय = एसटी० − एसटीआय, मग पॉप
डीई ई८+आय: एसटीआय = एसटीआय − एसटी०, मग पॉप

डी८ मध्ये ई० सरळ आणि ई८ उलटी. डीसी आणि डीईमध्ये ई० उलटी आणि ई८ सरळ. भागाकाराला हेच, फक्त ई० च्या जागी एफ० आणि ई८ च्या जागी एफ८.

यावर आणखी एक विनोद आहे. एटी अँड टी पद्धतीच्या असेंब्लीत, जी जीएनयूची साधनं आपणहून वापरतात, डीसी आणि डीईच्या या जोड्यांची नावं इंटेलच्या नेमकी उलट आहेत. जुन्या असेंब्लरमधली चूक, पण तोवर तिच्यावर इतका कोड उभा राहिला होता की ती तशीच ठेवली गेली. म्हणून ‘डीई ई९’ हे दोन बाइट इंटेल पद्धतीत ‘एफसबपी’ (सरळ वजाबाकी) छापले जातात आणि एटी अँड टी पद्धतीत ‘एफसबआरपी’ (उलटी). यंत्र दोन्ही वेळी एकच करतं: एसटी१ − एसटी०, मग पॉप.

आता वरचा तुकडा बघा. भरलं वजन आधी स्टॅकवर गेलं, धडा नंतर. म्हणजे धडा एसटी०, भरलं वजन एसटी१. ‘डीई ई९’ म्हणजे ३१.७५ − ६.२५ = २५.५. बरोबर. एटी अँड टी छपाईत ‘एफसबआरपी’ दिसलं म्हणून कुणी घाईत ते ‘डीई ई१’ केलं, की वजन −२५.५. अशी ‘दुरुस्ती’ झालेल्या फाइली फिरत असतात.

तपासायचं असं: ऑब्जडम्प (जीएनयूचा डिसअसेंबलर) वापरत असाल तर इंटेल पद्धत मागा (‘-एम इंटेल’, एम कॅपिटल). मग नाव बाजूला ठेवा, वरच्या तक्त्यातून क्रिया काढा आणि साधे आकडे घालून बघा. चूक खरी निघाली तर दुरुस्ती एका बाइटची: ई१ चा ई९. एम्युलेटरच्या रूपातही तोच बाइट, ‘सीडी ३ए’ला हात लावायचा नाही. मूळ फाइलची प्रत आधी काढा.

दुरुस्तीआधी एक मात्र बघाच: ऑपरंड स्टॅकवर कुठल्या क्रमाने गेले. कंपायलरने धडा आधी आणि भरलं वजन नंतर घेतलं असेल तर ‘डीई ई१’ हीच बरोबर इन्स्ट्रक्शन.

८. आकडा कुठल्या घडणीचा

वजाबाकी बरोबर, तरी आकडे निरर्थक? मग डेटा फाइलमधले बाइट आयट्रिपलई (एक्स८७ वापरतो ती प्रमाणित) पद्धतीचे नसतील. २५.५ चे चार अवतार:

आयट्रिपलई ३२-बिट: ०० ०० सीसी ४१
आयट्रिपलई ६४-बिट: ०० ०० ०० ०० ०० ८० ३९ ४०
मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बेसिकचा: ०० ०० ४सी ८५
टर्बो पास्कलचा ६-बाइटी रिअल: ८५ ०० ०० ०० ०० ४सी

जुन्या बेसिकमध्ये घातांक शेवटच्या बाइटमध्ये, पास्कलच्या रिअलमध्ये पहिल्या बाइटमध्ये. दोन्हीकडे १ साठी तो ८१ असतो. म्हणून रोजच्या वापरातले आकडे एका ठरावीक बाइटमध्ये ८१ ते ८ए यांच्या आसपास घुटमळताना दिसले की ओळखा. पास्कलच्या रिअलचं गणित एक्स८७ करतच नाही, लायब्ररीचे पूर्णांकी फंक्शन करतात. तिथे डी८ ते डीएफ शोधण्यात अर्थ नाही.

९. स्टॅक, कंट्रोल वर्ड आणि तुलना

एक्स८७ चा स्टॅक आठ रजिस्टरांचा. नववं पुश झालं की उत्तर ‘नॅन’, ३२-बिटमध्ये ते ०० ०० सी० एफएफ असं दिसतं. ‘आठ नोंदी ठीक, नववी बिघडली’ याचं कारण बहुतेक वेळा हेच: दर नोंदीला एक आकडा स्टॅकवर राहून जातोय. कागदावर प्रत्येक ओळीपुढे जमाखर्च मांडा. एफएलडी +१, एफएसटी (ठेवा) ०, एफएसटीपी (ठेवून पॉप) −१, पॉप करणारी बेरीज-वजाबाकी −१, ‘डीई डी९’ (तुलना करून दोन पॉप) −२. फेरी संपली की बेरीज शून्य यायला हवी. बोरलँडच्या कोडमध्ये फ्लोट उत्तर एसटी० मध्ये परत येतं, आणि ते न वापरता सोडून दिलं की गळती सुरू. योग्य ठिकाणी ‘डीडी डी८’ (एसटी० टाकून द्या) हे दोन बाइट हवेत. दर फेरीला ‘डीबी ई३’, म्हणजे सगळं पुसून पहिल्यापासून, असं करणारे असतात. त्याने कंट्रोल वर्डही (गणिताच्या सेटिंग ठेवणारं रजिस्टर) पुसला जातो, आणि एका दोषाचे दोन होतात.

कंट्रोल वर्ड पुसल्यावर ०३७एफ असतो. त्याचे १० आणि ११ हे बिट पूर्णांक करताना कुठे वळायचं ते ठरवतात: ०० जवळच्या आकड्याला, ०१ खाली, १० वर, ११ शून्याकडे कापून. जवळचा म्हणजे अगदी मधोमध असेल तर सम आकडा, त्यामुळे २४.५ चे २४ होतात आणि २५.५ चे २६. लिलावात कुणाला हे पटवून द्यायच्या फंदात पडू नका. कापायचंच असेल तर ‘डी९ २ई’ने कंट्रोल वर्ड ०एफ७एफ करून, ‘एफआयएसटीपी’ (पूर्णांक करून ठेवा आणि पॉप) झाल्यावर जुना परत ठेवलेला हवा. दुसरी ‘डी९ २ई’ एखाद्या जंपमुळे वगळली जाते का, ते बघा.

−३२७६८ म्हणजे १६-बिट पूर्णांकात न मावलेलं उत्तर. वजन ग्रॅममध्ये ठेवलं असेल तर मर्यादा ३२.७६७ किलो, म्हणून हलक्या क्रेटला दोष दिसत नाही. ‘डीएफ १ई’चं ‘डीबी १ई’ केलं की ३२ बिट मिळतात, पण तिथे चार बाइट मोकळे आहेत का ते आधी पाहा. नाहीतर शेजारच्या व्हेरिएबलवर लिहिलं जाईल. पुढे ते वाचणारा कोडही बदलावा लागतो. −२१४७४८३६४८ हे तेच, ३२ बिटांत.

तुलनेपुरतं: ‘डीएफ ई० ९ई’ हा क्रम तुलनेचा निकाल मुख्य प्रोसेसरच्या फ्लॅगमध्ये आणतो, आणि त्यापुढची जंप बिनचिन्ह प्रकारचीच लागते (७७ चालेल, ७एफ नाही). मूळ ८०८७ ला ‘डीएफ ई०’ ठाऊकच नाही, ती ८०२८७ पासून आली.

१०. सॉकेट आणि चिप

८०८७ चाळीस पायांची, ८०३८७ अडुसष्ट पायांची. दोन्ही सॉकेटमध्ये बसतात आणि खाऱ्या हवेत पायांवर हिरवट थर चढतो. वीज बंद करून प्लग काढा, पाचेक मिनिटं जाऊ द्या, अंगावरची स्थिर वीज घालवा. खाचेची बाजू टिपून ठेवा. चिप दोन्ही बाजूंनी थोडी थोडी उचकटत काढा. पाय आणि सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने पुसा, पूर्ण वाळू द्या, परत बसवा. गंज सोडवायचे तेलकट स्प्रे वापरू नका, त्यावर धूळ आणि मीठ अधिक चिकटतं.

४८६एसएक्समध्ये को-प्रोसेसर नसतोच, ४८६डीएक्समध्ये असतो. यंत्र बदलताना ही अदलाबदल झालेली असू शकते. पेंटियम ६० ते १०० मेगाहर्ट्‌झच्या सुरुवातीच्या चिपांत भागाकाराचा तो गाजलेला दोष, १९९४ मध्ये उघडकीला आलेला, आहे. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा, त्यानेच गुणा आणि ४१९५८३५ मधून वजा करा. शून्य यायला हवं. २५६ आलं तर चिप बदला.

इथे थांबा

- काट्याच्या इंडिकेटरवरची मोहर तोडावी लागत असेल तर थांबा. व्यापारी काटा वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ खाली येतो. दुरुस्ती परवानाधारकाने करायची आणि नंतर पुन्हा पडताळणी करून घ्यायची. पावती छापणाऱ्या संगणकातली चूक सुधारणं वेगळं, काट्याचं वाचन बदलणं वेगळं.
- हाच प्रोग्रॅम अमोनियाच्या कॉम्प्रेसरचे कट-आउट चालवत असेल तर बदललेली फाइल चालू प्लांटवर मुळीच टाकू नका. प्लांटचा रेफ्रिजरेशन इंजिनिअर हजर हवा, आणि प्रेशरचे यांत्रिक कट-आउट स्वतंत्रपणे तपासलेले हवेत. जूनपासूनच्या मासेमारी बंदीत बर्फाची मागणी उतरते, अशी कामं तेव्हाच काढा.
- पॉवर सप्लायचं झाकण उघडावं लागलं, किंवा बोर्डवरचे ट्रॅक खाल्लेले दिसले, तर काम बोर्ड दुरुस्त करणाऱ्याचं.
- कोड स्वतःलाच बदलत असेल (एम्युलेटरच्या बदलाखेरीज), ओव्हरले वापरत असेल, किंवा तीनपेक्षा जास्त जागी बाइट बदलावे लागत असतील, तर रिव्हर्स इंजिनिअरिंग रोज करणाऱ्याकडे द्या. बरेचदा तेवढ्या पैशात हिशेबाचा नवा प्रोग्रॅम होतो.

देताना सोबत मूळ फाइल, बदललेली फाइल, ‘एफसी’चा निकाल, चुकीच्या नोंदीआधीचा आणि नंतरचा मेमरी डम्प, आणि भरलं वजन, धडा, अपेक्षित उत्तर व मिळालेलं उत्तर अशा निदान दहा नोंदी द्या. त्यात आठव्या आणि नवव्या नोंदीचा क्रम मोडू नका.